विजेने वळणारे चुंबकत्व

(आष्टी, जि. बीड येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संगणकावर काम चालू असताना वीज गेली, की न साठविलेला मजकूर क्षणात नष्ट होतो. संगणकाची तात्कालिक स्मृती विद्युतभारावर जगते. पुरवठा तुटताच ती रिकामी होते. लोहचुंबक मात्र वीज नसतानाही आपली दिशा सोडत नाही. मग स्मृती चुंबकात का साठवू नये? आणि तो चुंबक विजेनेच हवा तसा का वळवू नये?

प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले. परंतु तारेचे चुंबकीय क्षेत्र सभोवार पसरते. दाटीने मांडलेल्या कोट्यवधी सूक्ष्म चुंबकांतून नेमका एक वळवावयाचा, तर हा उपाय तोकडा पडतो.

दुसरा मार्ग १९९६ मध्ये स्लॉन्चेव्स्की आणि बर्जर यांनी स्वतंत्रपणे मांडला. इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो, तसेच परिवलन, म्हणजे स्पिनही असतो. प्रवाह एका चुंबकीय थरातून गेला, की बहुतेक इलेक्ट्रॉनांचे परिवलन एका दिशेस लागते. असा प्रवाह पुढच्या पातळ थरात शिरताच आपला कोनीय संवेग त्या थरास देतो आणि त्याचे चुंबकत्व वळवितो. हत्ती मोठा, पण छोटासा अंकुश त्यास वळवितो, तसेच हे. मात्र थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा हवा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टँटलम धातूच्या पटलातून प्रवाह सोडून शेजारच्या थराचे चुंबकत्व उलटविण्यात आले.

या ज्ञानयज्ञात मराठी नावही आहे. अश्विन तुळापूरकर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. अशा चुंबकीय थरांच्या जोडीस उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह दिला असता, अनुनादाच्या वेळी एकदिश विद्युतदाब मिळतो, हे त्यांनी दाखविले. हे काम जपानमधील त्सुकुबा येथे झाले. पुढे ते मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले व याच विषयावर संशोधन करीत राहिले.

बुद्धी भारताची आणि प्रयोगशाळा परक्यांची, ही स्थिती बदलावयाची आहे. केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परंतु पैशाने यंत्रे येतात; निर्वात पेटीत अणूंचे थर जमविणारे कुशल हात आणि त्यामागील गणित जाणणारी बुद्धी घडवावी लागते. स्वावलंबनाचा खरा कस तेथे लागतो.

आष्टीतील पालकांचा प्रश्न रास्त आहे : ‘भौतिकशास्त्र घेऊन मुलाचे पुढे काय?’ त्याचे उत्तर असे, की पदवीनंतर ‘जॅम’ या राष्ट्रीय परीक्षेद्वारे आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो आणि तेथून संशोधनाची वाट उघडते. वैद्यक व अभियांत्रिकी यांपलीकडेही राष्ट्रसेवेचे क्षेत्र आहे. दुष्काळी तालुक्यातील ज्या मुलास या वाटेची ओढ असेल, त्यास घरच्यांनी अडवू नये. त्याच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच विनंती.