कुमारवयातील मुलांचे मुखारोग्य आणि मनःस्वास्थ्य

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपणांपैकी काहींच्या मनात असा प्रश्न उभा राहिला असेल की, दात आणि मन यांचा परस्परांशी संबंध तो काय? दात हे दंतवैद्याचे क्षेत्र, मन हे मानसतज्ज्ञाचे. आणि आपण तर या दोहोंपैकी कोणीच नाही. हा प्रश्न पूर्वी मीही केला असता. आता तो का करीत नाही, हे सांगण्यासाठी माझ्याच शिक्षकी जीवनातील एक हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. ती मला भूषणावह नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील वरिष्ठ प्राथमिक शाळेत सातवीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. सहावीपर्यंत प्रकट वाचनात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सातवीच्या दुसऱ्या सत्रात तो एकाएकी गप्प झाला. वाचावयास उभे केले की ओठ मिटून उभा राही. खेळाच्या तासाला भिंतीशी बसून राही. मी त्यास आडमुठा ठरविले. प्रगतिपत्रकात ‘उत्साहाचा अभाव, वर्तन हट्टी’ असा शेरा माझ्या हस्ताक्षरात लिहिला आणि दोन वेळा त्यास वर्गाबाहेरही उभे केले. पुढे एके दिवशी त्याची आई त्याला घेऊन शाळेत आली, तेव्हा त्याचा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढलेला होता. खालची दाढ किडून मुळाशी पू झाला होता. कित्येक रात्री त्याला झोप नव्हती. बोलताना तोंडास दुर्गंधी येते म्हणून शेजारची मुले त्याला हसत. ते हसणे मी वर्गात ऐकले होते, परंतु मुलांचा खोडकरपणा समजून सोडून दिले होते. दाढ काढल्यावर मुलगा महिनाभरात पुन्हा खेळू लागला. माझ्यासमोर वाचावयास मात्र तो वर्ष संपेपर्यंत उभा राहिला नाही.

आता विषयाकडे वळू. दहा ते एकोणीस या वयास कुमारवय म्हणतात. आपल्या शाळांतील पाचवी ते आठवीची मुले या वयाच्या उंबरठ्यावर असतात. याच काळात शेवटचे दुधाचे दात पडतात आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी कायमची दाढ येते. पहिली कायमची दाढ मात्र सहाव्या वर्षीच, दुधाच्या दाढांच्या मागे, गुपचूप आलेली असते. तिलाही दुधाची समजून पालक ‘पडेल आपोआप’ म्हणून स्वस्थ बसतात, आणि सर्वांत अधिक किडते ती नेमकी हीच. कारण सर्वांना ठाऊक आहे. तोंडातील जंतू गोड व पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात, ते आम्ल दाताचे वरचे कठीण कवच विरघळविते, आणि त्या कवचाला एकदा खड्डा पडला की ते हाडासारखे पुन्हा भरून येत नाही.

देहाच्या या घडामोडींबरोबरच मनाचीही मोठी घडामोड याच वयात चाललेली असते. आठ वर्षांच्या मुलाला दात काळा आहे याची फिकीर नसते. तेरा वर्षांच्या मुलीला ती असते. आपण इतरांना कसे दिसतो, हा या वयाचा अहोरात्रीचा प्रश्न आहे, आणि माणूस बोलताना व हसताना प्रथम दिसते ते तोंडच. तेव्हा दुखणारा दात झोप व एकाग्रता हिरावून घेतो, तर विद्रूप दात मुलाचे बोलणेच हिरावून घेतो. मग मुलगा उत्तर ठाऊक असूनही हात वर करीत नाही. शिक्षकाच्या दप्तरी त्याची नोंद ‘अप्रगत’ अशी होते.

येथे आपल्या भागापुरते एक विशेष सांगावयाचे आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळलेले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे भारतीय मानक सांगते. बालपणी, कायमचे दात हिरड्यांच्या आत घडत असतानाच, असे पाणी पोटात गेले तर दातांवर पांढरे, पिवळट व तपकिरी पट्टे घेऊनच ते दात बाहेर येतात. हे डाग अस्वच्छतेचे नव्हेत व घासून जाणारेही नव्हेत. एका शाळा-तपासणीत मला आठवीत नुकतीच गेलेली एक मुलगी भेटली. ती तालुक्याच्या गावी शिकत होती व सुटीच्या दिवशी आपल्या जुन्या शाळेत सहज आली होती. मी काही विचारले की ती ओढणी तोंडाशी धरून उत्तर देई. तिच्या जुन्या बाईंना याचे फार नवल वाटले, कारण त्यांच्या वर्गात ती खळखळून हसणारी मुलगी होती. उलगडा नंतर झाला. गावात निम्म्या मुलांचे दात तसेच, त्यामुळे कोणी कोणास हसण्याचा प्रश्नच नव्हता. तालुक्याच्या वर्गात ती एकटीच तशी. तेथे कोणी तिला ‘घाणेरडी’ म्हटले, तर कोणी मोठ्या माणसानेच ‘दात घाशीत नाहीस का ग?’ असे चारचौघांत विचारले. ती बिचारी रोज पहाटे राखेने व विटेच्या भुकटीने दात घाशीत होती, आणि त्या खरवडण्याने कवच झिजून तिला थंड पाणीही सोसेना.

अशा मुलीस औषधाआधी एक वाक्य हवे असते: हा तुझा दोष नाही, हा पाण्याचा दोष आहे. ते वाक्य विज्ञानाच्या तासाला, मुले गाव सोडून पुढच्या शाळेत जाण्यापूर्वीच, आपण सांगितले पाहिजे. सौम्य डाग दंतवैद्याच्या उपचाराने फिके करता येतात, हेही सांगावे. आणि गावात शुद्ध पाण्याची सोय झालेली असेल तर धाकट्या भावंडांना तेच पाणी पाजावे, हे आईबापांस निक्षून सांगावे.

येथवर तोंडाकडून मनाकडे जाणारी वाट पाहिली. आता मनाकडून तोंडाकडे येणारी वाट पाहू. ही अधिक छुपी आहे. खिन्नतेने ग्रासलेल्या मुलास सकाळी उठणेच जड वाटते. जेथे अंघोळ टळते, केस विंचरणे टळते, तेथे दात घासणे तर प्रथम टळते, कारण ते न केलेले लगेच कोणास दिसत नाही. खाण्याच्या वेळा मोडतात. भूक नसते, परंतु गोड बिस्किटे, कुरकुरे यांवर हात जातो. चिंताग्रस्त मुले झोपेत करकरा दात खातात. खेड्यात याचा अर्थ पोटात जंत असा लावतात; मनावरील ताण हेही त्याचे एक कारण आहे, हे ध्यानी ठेवावे. काही मुली जाडीच्या भयाने जेवून मुद्दाम उलटी करतात. पोटातील आम्लाने त्यांच्या वरच्या पुढील दातांची आतील बाजू झिजते. मनाच्या आजारांवरील काही औषधांनी तोंड कोरडे पडते, आणि लाळ ही दातांची नैसर्गिक राखणदार असल्याने तिच्यावाचून कीड वेगाने वाढते. म्हणून औषध बंद करावयाचे नाही. अधूनमधून पाणी प्यावे, दातांची निगा वाढवावी व डॉक्टरांस सांगावे.

आणि खर्रा! याविषयी मी थोडा कडवटपणे बोलणार आहे, क्षमा असावी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही पानटपरी कोठे आहे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. काहींस तर ती अंमळ जास्तच ठाऊक आहे. मूल खर्रा खाते ते नेहमी चैनीखातरच, असे समजू नये. घरात भांडण, बाप व्यसनी, किंवा नुकताच घरातील कोणी वारलेला, अशा मुलास त्या पुडीने घटकाभर बरे वाटते. आणि मोठ्या मुलांच्या टोळक्यात त्याला जागाही मिळते. पुढे सुपारीने तोंडाची आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कमी होत जाते व तिखट सोसत नाही. ही कर्करोगापूर्वीची अवस्था असू शकते. अशा मुलाची पुडी जप्त करून त्याला प्रार्थनेच्या रांगेपुढे उभे केले, तर पुडी खिशातून दप्तरात जाते, एवढेच. तो ती केव्हापासून खातो आणि त्या सुमारास घरी काय घडले, हे एकांतात विचारणारा कोणी तरी हवा.

या दोन्ही वाटांवर बरेच संशोधन झाले आहे व खिन्नता आणि दंतविकार बहुधा एकत्र आढळतात असे दिसून आले आहे. परंतु अशा पुष्कळ पाहण्या एकाच वेळी केलेल्या असल्याने आधी काय आणि मागून काय, हे त्यांवरून नेहमी ठरविता येत नाही. शिवाय प्रत्येक किडक्या दातामागे दुखरे मन असते, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. पुष्कळ घरी पाच माणसांत एक ब्रश असतो किंवा मुळीच नसतो, आणि दंतवैद्य तालुक्याला असतो. त्या दिवसाची मजुरी बुडते. तेथे मुलास उपदेश करणे म्हणजे भुकेल्यास पाकशास्त्र वाचून दाखविणे होय.

मग आपण काय करावयाचे? निदान करावयाचे नाही, लक्ष ठेवावयाचे. त्यासाठी उत्तम जागा म्हणजे शालेय पोषण आहाराची पंगत. कोण एकाच बाजूने चावतो, कोण हरभरे बाजूस काढतो, कोणाचे थंड पाण्याने तोंड वेडेवाकडे होते, हे तेथे न विचारता दिसते. आणि कोण एकटा बसू लागला, कोणाचे जेवण कमी झाले, हेही तेथेच दिसते. दात दाखविण्यासाठी वर्गाची रांग लावून ‘हा बघा घाणेरडा’ असे दाखले देण्याची जुनी पद्धत कृपया बंद करावी. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक त्रासही निषिद्ध केलेला आहे. दातावरून पाडलेले टोपणनाव शिक्षकाच्या तोंडी आले, तर मी ते या कलमाखालीच धरीन.

जे मूल तोंड लपविते, त्यास सुटीत जवळ बोलावून आधी ‘दुखते का?’ एवढेच विचारावे. पुष्कळदा दाताच्या निमित्ताने मूल मनातले बोलू लागते, कारण दात दुखतो हे सांगण्यात त्याला लाज वाटत नाही. दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री निजण्यापूर्वी, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे व ती पेस्ट न गिळणे, हे एवढ्या मोठ्या मुलांना सहज शिकविता येते. कडुनिंबाची काडी वाईट नाही, परंतु पेस्टची जागा ती घेऊ शकत नाही. मीठ, कोळसा व राख यांनी घासणे सोडावे. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास, चिडके वा अलिप्त दिसले, तर पालकांशी बोलून ग्रामीण रुग्णालयातील किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिककडे पाठवावे. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखविले, तर त्यास क्षणभरही एकटे सोडू नये, पालकांस त्याच दिवशी गाठावे. टेलिमानसचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो विनामूल्य असून अहोरात्र उत्तर मिळते. तो कार्यालयातील फळ्यावर लिहून ठेवावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून झाला. त्याचे पथक शाळेत येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते व तीत दंतविकारही असतात. अडचण एवढीच की, जी मुले सर्वांत अधिक त्रासात असतात तीच नेमकी त्या दिवशी गैरहजर राहतात. पथकाची तारीख केंद्रप्रमुखांमार्फत कळविली जाईल. प्रत्येक वर्गशिक्षकाने आदल्या आठवड्यात हजेरीपट पाहून वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांची नावे वेगळी काढावीत व त्यांच्या घरी स्वतः जाऊन यावे. संदर्भित केलेली मुले रुग्णालयात खरोखर पोहोचली किंवा नाही, याची नोंद मी माझ्या पुढील भेटीत पाहीन. ती यादी वर्गात मोठ्याने वाचू नये.