अल्प शक्ति, लांब पल्ला



बिनतारी प्रेषक-यंत्र स्वतःच्या हातांनीं जुळविणाऱ्या प्रत्येक हौशी माणसास लवकरच एक मोह होतो. बॅटरीचा दाब वाढवावा, म्हणजे संदेश दूर जाईल! मलाही तो झाला होता. परवाना मिळाल्यावर मीं १२ व्होल्टांवर चालणारें, सुमारें ५ वॅट शक्तीचें यंत्र तयार केलें आणि एरियलची तार खोलींतच भिंतीवरून फिरविली. पलीकडच्या गांवच्या स्नेह्यास माझे संकेत जेमतेम ऐकूं येत. म्हणून मीं दाब २४ व्होल्ट केला. क्षणभर समाधान वाटलें. लगेच ट्रान्झिस्टर जळाल्याचा वास आला.

तो जळला नसता, तरी लाभ कितीसा झाला असता? दाब दुप्पट केला कीं शक्ति साधारण चौपट होते. परंतु दूरच्या ठिकाणीं लहरीच्या क्षेत्राची तीव्रता दुप्पटच होते. ग्राहक-यंत्रावरील मापकाचा कांटा सुमारें एक घर पुढें सरकतो, इतकेंच.

खरी किल्ली एरियलमध्यें आहे. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें ४३ मीटर. तिच्या निम्म्याहून किंचित् कमी, म्हणजे २० मीटरांच्या आसपास तार घ्यावी. ती मधोमध तोडून तेथून यंत्रास जोडावी. दोन्ही टोकें थोडथोडीं कापून मेळ जमवावा. एरवीं शक्तीचा कांहीं भाग यंत्राकडेच परततो. तार जमिनीपासून उंच आणि लोखंडी सळयांपासून दूर असावी. शिवाय, भाषणापेक्षां मोर्सचे संकेत अरुंद पट्ट्यांत मावतात. म्हणून क्षीण असले तरी ते कानाला ओळखूं येतात.

मीं नवा ट्रान्झिस्टर बसविला, दाब पुन्हां १२ व्होल्टच ठेविला, आणि तार गच्चीवरून अंगणांतल्या आंब्यापर्यंत ताणली. त्या रात्रीं वरच्या वातावरणांतील विद्युन्मय थरावरून परावर्तित होऊन माझे संकेत शेंकडों मैलांवर पोंचले, आणि उत्तर आलें!

मात्र पल्ल्याबरोबर जबाबदारीही येते. १९४२ च्या लढ्यांत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईंतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत. त्याची लहर ४२.३४ मीटरांची, म्हणजे ह्याच परिसरांतली होती. केंद्राची जागा ते वारंवार बदलीत. तरीही १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं तें पकडलें. त्यांचें तें धाडस परकीय सत्तेविरुद्ध होतें. आज आपल्या हौसेपायीं एखाद्या जहाजाच्या वा विमानाच्या संदेशांत अडथळा आला, तर त्यास धाडस म्हणतां येणार नाहीं. म्हणून परवाना घ्या आणि नेमून दिलेल्या पट्ट्यांतच राहा.

आणि मित्रहो, पल्ला कमी वाटला, तर बॅटरीला हात लावण्यापूर्वीं तारेकडे पाहा. ती उंच चढवा. विजेच्या तारांपासून मात्र दूरच ठेवा.