ज्यांचं चित्रण, त्यांचा शब्द



संमेलनाच्या अध्यक्षानं साहित्याच्या सद्यःस्थितीवर बोलावं अशी रीत आहे. मी मात्र एका नव्या प्रकाराविषयी बोलणार आहे, कारण तो पेलण्याची ताकद मैंदर्गीच्या या सीमाभागातल्या मुलांत आहे असं मला मनापासून वाटतं. तो प्रकार म्हणजे इंटरॅक्टिव्ह माहितीपट. नेहमीचा माहितीपट दिग्दर्शकानं लावलेल्या क्रमानं सुरू होतो आणि संपतो. इथं पाहणाराच आपली वाट निवडतो. आधी कुणाच्या घरात शिरायचं, कुणाचं बोलणं पुढं ऐकायचं, हे त्याच्या हाती असतं. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी कॅटरिना सिझेक यांनी २०१० साली केलेला ‘आउट माय विंडो’ असाच आहे. जगातल्या तेरा शहरांतल्या उंच इमारतींमधली माणसं त्यात आपापल्या खिडकीतून बोलतात. त्यात आपलं बंगळुरूही आहे.

परदेशात एखादं सत्र शिकायला जाणारे विद्यार्थी आता अभ्यासाचा भाग म्हणून असे माहितीपट करू लागले आहेत. तिकडची मुलं इकडे येतात, आपली तिकडे जातात. याचा मला आनंद आहे, पण एक काळजीही आहे. कॅमेरा आज कुणाच्याही खिशात असतो. परक्या गावाची भाषा मात्र सत्रभरात येत नाही. भाषा नसली की विद्यार्थी रंग टिपतो, गर्दी टिपतो, सण टिपतो आणि माणसाला फक्त हसायला सांगतो. पाहणाऱ्याला दहा वाटा दिल्या आणि दहाही वाटा परक्याच्याच नजरेतून गेल्या, तर गावाच्या पदरात काय पडलं?

याउलट, हायडलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर मराठी शिकले आणि वर्षानुवर्षं धनगरांच्या वाड्यांवर, खंडोबा-बिरोबाच्या जत्रांत हिंडले. हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासोबत त्यांनी पंढरीच्या वारीवर चित्रपट केला, तो या हिंडण्यानंतर. आपला खंडोबा कर्नाटकात मैलार होतो, आंध्र-तेलंगणात मल्लण्णा होतो. त्याची म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. ही कथा जेजुरीत एक, मैलारमध्ये दुसरी. सरळ रेषेतल्या चित्रपटाला त्यातली एक धरावी लागते, दुसरी सुटते. नव्या प्रकारात दोन्ही कथा शेजारी-शेजारी नांदू शकतात. सोन्थायमर १९९२ साली गेले. हे साधन त्यांच्या हाती यायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

आणि पाहणाऱ्याला वाट निवडू देणाऱ्या कामाचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण तर जात्यावरच्या ओव्यांचं आहे. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचं ध्वनिमुद्रण आणि संगणकावरची मांडणी यांत मोठा वाटा उचलला. पुढं पी. साईनाथ यांच्या ‘पारी’नं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं, हे ओव्यांचं भांडार सर्वांसाठी खुलं केलं. ओवीबरोबर गाणारणीचं नाव आहे, गाव आहे, शब्द आहेत, अनेक ठिकाणी तिचा आवाज आहे. ‘पारी’ची माणसं पुन्हा त्या गावांत गेली, हयात असलेल्या बायांना भेटली, त्यांची छायाचित्रं आणि चित्रफिती जोडल्या. माहेरच्या ओवीवरून भावाच्या, विठ्ठलाच्या, भीमरावाच्या ओवीकडे आपण आपल्या ओढीनं जातो. ‘लोकगीत, रचनाकार अज्ञात’ असं लिहून ज्या बाईचं नाव आपण मराठी अभ्यासकांनी वर्षानुवर्षं पुसलं, ते नाव इथं परत आलं. मला हे फार मोठं वाङ्मयीन काम वाटतं. संमेलनांच्या व्यासपीठांवर त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झालेली नाही.

आणखी एक जुनी गोष्ट सांगतो. १९६७ साली कॅनडाच्या फोगो बेटावर कॉलिन लो यांनी तिथल्या मच्छीमारांबरोबर छोट्या-छोट्या फिती केल्या. बेट सोडून दुसरीकडे बस्तान हलवावं, असा सरकारी रेटा त्या लोकांवर होता. फिती आधी बेटावरच दाखवल्या गेल्या. माणसांनी स्वतःला आणि शेजाऱ्यांना बोलताना पाहिलं, आपापसांत चर्चा केली, मग त्या फिती अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या. पुढं मच्छीमारांनी सहकारी संस्था उभारली आणि बेट वसलेलं राहिलं. तिथं संगणक नव्हता, बटण नव्हतं. तरीही इंटरॅक्टिव्ह या शब्दाचा मला कळलेला अर्थ तोच आहे.

आता मैंदर्गीकडे येतो. अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या या रस्त्यावर कर्नाटक हाकेच्या अंतरावर आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, पुढं सीमाप्रश्नावर महाजन आयोग आला, वाद झडले, अजूनही झडतात. रोटी-बेटीचा व्यवहार काही थांबला नाही. या तालुक्यात मराठी शाळा आहेत, कन्नडही आहेत. आजी कन्नडमध्ये गोष्ट सांगते आणि नातू ती शाळेच्या वहीत मराठीत उतरवतो. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला जे मोठ्या खर्चानं शिकावं लागतं, दोन संस्कृतींच्या मधोमध उभं राहून दोघींचं नीट ऐकणं, ते इथल्या पोराला घरच्या उंबऱ्यावर मिळतं. त्याला कोणी सांगितलंच नाही की ही विद्या आहे. उलट शहरात गेल्यावर आपल्या मराठीतल्या कन्नड हेलाची त्याला लाज वाटायला लावली जाते. माझा राग त्यावर आहे.

म्हणून माझी विनंती आहे. येत्या ज्वारीच्या सुगीत इथली आणि कर्नाटकातल्या आळंद-अफझलपूरकडची मुलं जोडीनं कामाला लागू देत, एक मराठी शाळेतलं, एक कन्नड शाळेतलं. खळं, बाजार, मठ, दर्गा, माहेरवाशिणी, काय टिपायचं ते त्यांनीच ठरवावं. आजीच्या कन्नड बोलण्यावर मराठी आवाज चढवू नका. तिचा आवाज तसाच राहू द्या, खाली दोन्ही लिप्यांत शब्द द्या. परदेशातून शिकायला येणारे विद्यार्थी यात सामील होणार असतील तर आनंदच आहे. पण त्यांनी आधी महिनाभर कॅमेरा न काढता इथं राहावं, ज्वारीची भाकरी खावी आणि दोन्ही भाषांतली नात्यांची नावं शिकावीत. सोलापूरच्या विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. तिथल्या शिक्षकांनी तांत्रिक बाजू सांभाळावी, अशी मी जाहीर विनंती करतो.

आणि पहिला खेळ पुण्या-मुंबईत नको. तो इथं, मैंदर्गीत, ज्यांनी तोंड उघडलं त्या सगळ्यांसमोर व्हावा. कुणी म्हणालं, ‘हे माझं बोलणं काढा’, तर ते काढायचं. कुणी म्हणालं, ‘माझं राहिलंय’, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या दारात जायचं.