शस्त्रक्रियेआधीचे ताट

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागते. जखम भरण्यासाठी आणि जंतूंशी झुंजण्यासाठी लागणारी प्रथिने अन्नातून आली नाहीत, तर ती मांडी-दंडाच्या मांसातून काढली जातात, आणि ज्याच्याजवळ ही शिल्लक आधीच थोडी उरलेली असते त्याची जखम चिघळते, आतड्याचा जोड सुटण्याची भीती वाढते. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे हायरम स्टडली यांनी १९३६ साली जठरव्रणाच्या शस्त्रक्रियांची नोंद तपासली, तेव्हा वजन २० टक्क्यांहून अधिक घटलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३३ टक्के दगावले होते, तर इतरांत हे प्रमाण ३.५ टक्के होते. तो आजार कर्करोग नव्हता, पण कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतही हिशेब तोच आहे.

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील कुर्डुवाडीहून बार्शीला जाता येते, आणि तेथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. तंबाखू-मिशरीच्या या मुलखात तोंडाचा कर्करोग परका नाही. त्यात जबडा पुरता उघडत नाही, भाकरी सुटते, मग नुसत्या चहावर दिवस निघतात, म्हणजे शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत उपासमार आधीच घडून गेलेली असते. त्यावर ‘खाल्ले तर गाठच पोसली जाईल’ या समजुतीची भर पडते, वास्तविक खाऊ घातल्याने माणसातील गाठ वाढते असा पुरावा नाही.

युरोपातील आहारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी ऊर्जा आणि सुमारे दीड ग्रॅम प्रथिने हवीत, आणि कुपोषण तीव्र असेल तर शस्त्रक्रिया ७ ते १४ दिवस लांबवूनही आधी पोषण द्यावे. ५० किलोच्या माणसाला म्हणजे ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात ती ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास. भेटीला येणाऱ्यांच्या हातातील शहाळ्यात मात्र जवळजवळ नाहीतच. गोठ्यातले दूध डेअरीच्या कॅनमध्ये आणि आजाऱ्यापुढे शहाळे, ही रीत उसा-दुधाच्या पट्ट्यात तरी बदलण्यासारखी आहे. चावता येत नसेल तर अंडे दुधात शिजवून, शेंगदाण्याचे कूट गाळून, डाळीचे घट्ट वरण दूधपावडर घालून देता येते. तेवढ्यानेही भागत नसेल तेथे डबाबंद पूरक पेय किंवा नाकातून जठरात घातलेली नळी उपयोगी पडते.

आर्जिनिन, माशांच्या तेलातील ओमेगा-३ आणि न्यूक्लिओटाइड यांनी युक्त अशा प्रतिकारपोषक पेयांमुळे पोट व आतड्यांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग कमी झाल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. मृत्यूचे प्रमाण घटते, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. अधिक अन्न म्हणजे अधिक लाभ, हेही खरे नव्हे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेतून दिलेल्या पोषणाचा फायदा केवळ तीव्र कुपोषितांना झाला, बाकीच्यांत उलट जंतुसंसर्ग वाढला. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदयाची लय बिघडू शकते; म्हणून त्याचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, थोडा थोडा वाढवावा लागतो.