सोसणं म्हणजे शौर्य नव्हे



दोन वर्षांपूर्वी माझ्या कमरेच्या मणक्यांचं मोठं ऑपरेशन झालं. स्क्रू आणि सळ्या घालून दोन मणके सांधले. एक्स-रेमध्ये सगळं नीट जुळलेलं दिसतं. कंबर आणि डावा पाय मात्र अजून दुखतात. मैत्रिणी विचारतात, "ऑपरेशन झालं ना, मग अजून का दुखतं?"

प्रश्न रास्त आहे. पण वेदना म्हणजे जखमेचं मोजमाप नव्हे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. वेदनेचे संदेश तिथं अडतात किंवा पुढे जातात, आणि त्यावर मेंदूचाही ताबा चालतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की दुखापतीनंतर मज्जारज्जूच अतिसंवेदनशील होतो. म्हणजे जखम भरली तरी गजर वाजत राहू शकतो. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या अशा वेदनेला 'मनाचे खेळ' म्हणणं अवैज्ञानिक आहे.

आपल्याकडे सोसण्याचं भारी कौतुक, बाईनं सोसलं तर अधिकच. कुणी पूर्वजन्मीचे भोग म्हणतं, कुणी व्हॉट्सॲपवर रामबाण तेल सुचवतं. मग उपचार मागणं हाच कमकुवतपणा ठरतो.

हा प्रश्न धोरणाचाही आहे. भारतात कायदेशीर अफू पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे कॅन्सरच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणं अवघड झालं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतरांनी चिकाटीनं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. इथं अमेरिकेत दुसरं टोक: १९९६ पासून ऑक्सिकॉन्टिनचा बेफाम प्रचार झाला, असंख्य लोक व्यसनात अडकले, आणि २०२० मध्ये उत्पादक कंपनीनं न्यायालयात गुन्हे कबूल केले. एकीकडे भीती, दुसरीकडे नफा. रुग्ण मधल्या मध्ये.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते घड्याळ. फिजिओथेरपिस्टनं शिकवलं: दुखेपर्यंत चालायचं नाही, ठरलेली दहा मिनिटं चालायचं. बऱ्या दिवशीही तेवढंच. मग आठवड्याला एक मिनिट वाढवायचं. वेदना शून्यावर आलेली नाही, पण आज मी पाऊण तास चालते.

शेवटी एक विनंती. आपण रविवारी आईवडिलांना फोन करतो, "बरं आहे ना?" विचारतो आणि ते "बरं आहे" म्हणतात. त्याऐवजी विचारा: जिना चढता येतो का? रात्री किती वेळा जाग येते? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.