उशिरा आलेल्यांची हजेरी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बरकतपुरा येथे भरलेल्या स्नेहसंमेलनातील भाषण)



'विद्यापीठातील पहिले दिवस' ह्या विषयावर चार शब्द सांगावेत असा निरोप चिटणीसांकडून आला, तेव्हा त्यांच्या मनात यंदा कॉलेजात गेलेली आपली मुलेमुली असावीत, असे आम्हाला वाटले. ती मंडळी समोर बसलेली आहेत आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असणार. आमचे पहिले दिवस थोडे निराळे होते. आम्ही चौघी १९८६ साली विद्यार्थिनी झालो, त्या वेळी आमच्यातील धाकटी छत्तीस वर्षांची आणि थोरली बावन्न वर्षांची होती. थोरल्या वहिनी आज हयात नाहीत. उरलेल्या तिघींनी मिळून हा मजकूर लिहिला आहे. उभी राहून वाचणारी एक आहे, इतकेच.

बरकतपुऱ्यात राहणाऱ्याला विद्यापीठ काही दूरचे नाही. काचीगुड्याहून सिकंदराबादकडे जाणारी गाडी विद्यानगर सोडते आणि लगेच जामिया उस्मानिया नावाचे स्टेशन लागते. त्यापुढचे स्टेशन आर्ट्स कॉलेज. नल्लाकुंट्यावरून पायी निघाले तरी तासाभरात माणूस पोचतो. पण आपल्या घरांतून तेथे जाणारी वाट प्रत्येक पिढीला निराळ्या भाषेतून काढावी लागली, आणि कित्येकांची वाट मधेच तुटली.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले. उच्च शिक्षण एका देशी भाषेतून देणारे हिंदुस्थानातील ते पहिले विद्यापीठ, ही गोष्ट मोठीच म्हटली पाहिजे. त्यासाठी भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उघडून शास्त्रांची पुस्तकेच्या पुस्तके उर्दूत आणली गेली. मात्र ती देशी भाषा परभणी-नांदेडकडून आलेल्या मुलाच्या आईची भाषा नव्हती. आमच्यापैकी एकीचे सासरे १९३७ साली तेथे दाखल झाले. आर्ट्स कॉलेजची ती प्रसिद्ध इमारत तेव्हा पुरी व्हायची होती. तिचे उद्घाटन १९३९ च्या डिसेंबरात झाले. मामंजी सांगत की पहिला महिनाभर वर्गात काय चालले आहे ते कळण्यापेक्षा शेरवानीच्या गुंड्या सावरण्यातच जीव अर्धा होई. उर्दू त्यांना येत होती, पण ती कचेरीची उर्दू. अर्थशास्त्राची उर्दू निराळी निघाली. हळूहळू ती आवडू लागली, आणि म्हातारपणी त्यांना हिशेबातले बारकावे उर्दूतच सुचत, हेही आम्ही पाहिले आहे.

त्यांचे शिक्षण सव्वा वर्ष चालले. १९३८ साली वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून सत्याग्रह झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढली गेली. पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव हे त्यांतलेच एक. मामंजींना मात्र घरून नागपूरचा खर्च झेपणारा नव्हता. ते नोकरीला लागले. १९४८ नंतर विद्यापीठाची भाषा इंग्रजी झाली, तेव्हा त्यांना तीस वर्षे पुरी होत होती, पदरी दोन मुले होती, आणि त्या वयात कोणी कॉलेजात जात नसे. पुढे १९५६ च्या प्रांतरचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९५८ साली औरंगाबादेस निराळे विद्यापीठ झाले आणि आपण मंडळी इथल्या इथे अल्पसंख्य झालो. असो. ही हकिगत एवढ्यासाठी सांगितली की १९८६ साली प्रवेशाचा छापील अर्ज आणून सुनेच्या हाती देणारे हेच मामंजी होते. "वय विचारीत नाहीत," एवढेच ते म्हणाले.

तो अर्ज होता मुक्त विद्यापीठाचा. आपल्या देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली आपल्याच राज्यात निघाले, हे आपल्यापैकी कित्येकांच्या ध्यानात नसते. आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ असे त्याचे मूळ नाव. १९९१ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ त्यानंतर सात वर्षांनी, १९८९ साली आले. इंटर झालेले नसले तरी पात्रता परीक्षा देऊन बी.ए. ला बसता येई, अशी त्या वेळी सोय होती. पुस्तके टपालाने येत, रविवारी जवळच्या कॉलेजात वर्ग भरत आणि रेडिओवरून पाठ लागत. आमच्या घरी ते पाठ कुकरच्या शिट्ट्यांसकट ऐकले गेले.

अर्ज भरतानाच पहिली अडचण उभी राहिली, ती नावाची. आपल्यात लग्नात मुलीचे आडनाव बदलते. पूर्वी बहुधा पाळण्यातले नावही बदलत असे. शाळेच्या दाखल्यावर एक मुलगी आणि रेशनकार्डावर दुसरीच बाई! दोघी एकच, हे शपथेवर लिहून द्यावे लागले. कचेरीत लिहून देणाऱ्या गृहस्थांनी विचारले की, बाई, यांतले खरे नाव कोणते? आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो. दोन्ही खरी, असे वहिनींनी सांगून टाकले.

पहिल्या रविवारी काय नेसून जावे ह्यावर चौघींत जेवढी चर्चा झाली, तेवढी पुढे कोणत्याही विषयावर झाली नाही. भारी नेसावे तर लग्नाला निघाल्यासारखे दिसते. साधे नेसावे तर भाजीला. वह्या अखेर भाजीच्याच पिशवीतून गेल्या, म्हणजे वाटेत कोणी विचारू नये. दारावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला अडवले आणि झाडाखालचा बाक दाखवून म्हणाला, "अम्मा, बच्चे लोगां अंदर गये. पेरेंट लोगां उधर छाँव में बैठो." वहिनी म्हणाल्या, "हमीच बच्चे हैं मियाँ, दरवाजा खोलो." तो बिचारा इतका ओशाळला की पुढे तीन वर्षे आमच्यासाठी दार आधीच उघडून ठेवी.

वर्गातले बाक सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या मापाचे. बसले की गुडघे वर येत. फळ्यावर आदल्या दिवशीची कसलीशी समीकरणे तशीच होती, ती पाहून दोघींनी मनात घरची वाट धरली. आजूबाजूला पाहावे तर एक बस कंडक्टर, दोन पोलीस, कारखान्यातली काही मंडळी, एक नर्स रात्रपाळी करून तशीच आलेली. इतक्या निरनिराळ्या लोकांत आम्ही आयुष्यात कधी बसलो नव्हतो. लग्नकार्यात बसावे तर आपलेच लोक, देवळात बसावे तरी आपलेच. इथे कोणी कोणाचे गोत्र विचारीत नव्हते. पेन मात्र सर्वजण एकमेकांचे मागत होते.

मग हजेरी सुरू झाली. यादी शाळेच्या दाखल्यांवरून केलेली. एक नाव पुकारले गेले, उत्तर नाही. पुन्हा पुकारले, उत्तर नाही. तिसऱ्या वेळी मामंजींची सून एकदम उठून उभी राहिली. ते तिचे माहेरचे नाव होते. चोवीस वर्षांत त्या नावाने तिला कोणीही हाक मारलेली नव्हती. आई गेल्यावर ते नाव ठाऊक असलेले माणूसही ह्या शहरात उरले नव्हते. "हजर" म्हणताना तिला रडू आले. आणि खाली बसल्यावर तिने हळूच विचारले की, आता पुढच्या रविवारीही हेच नाव पुकारतील ना?

आमच्यातील धाकटीला पहिल्या दिवसाचा अनुभव नवा नव्हता. १९६७ साली, सतराव्या वर्षी, ती कोठीच्या महिला कॉलेजात गेली होती. १९२४ साली सुरू झालेले ते कॉलेज १९४९ पासून जुन्या रेसिडेन्सीच्या वाड्यात भरत असे, आणि २०२२ साली त्याचे स्वतंत्र महिला विद्यापीठ झाले. ते उंच खांब, पायऱ्यांशी बसलेले दगडी सिंह, आत तो भव्य जिना! तीन महिन्यांत लग्न ठरले आणि कॉलेज सुटले. ती म्हणते की त्या तीन महिन्यांतला एकही धडा तिला आठवत नाही; आठवतात त्या मैत्रिणींच्या साड्या आणि सिंहाच्या पाठीवर ठेवलेली डब्यांची चळत. छत्तिसाव्या वर्षी मात्र पहिल्या तासाला सरांनी काय सांगितले ते ती आजही शब्दशः सांगते. विद्यार्थी लहान असला म्हणजे त्याच्यापुढे वेळ पसरलेला असतो, त्यामुळे त्याला तास लांबलचक वाटतो. आम्हाला तास नेहमीच अपुरा पडला. फाटकाशी आल्यावर घरच्या भाकरीची आठवण होई, तोपर्यंत ती खरोखर होत नसे.

माध्यम तेलुगू किंवा इंग्रजी. मराठीची सोय नव्हती. तिघींनी इंग्रजी धरली, कारण शाळेत थोडीफार झाली होती. वहिनींचे शिक्षण १९४८ साली तुटले. रझाकारांच्या धामधुमीत त्यांचे कुटुंब परभणीकडचे गाव सोडून सरहद्दीपलीकडे गेले, परत आल्यावर मुलीला कोण शाळेत घालतो? इंग्रजीचा गंध नाही. तेलुगू मात्र भाजीवाल्या, दूधवाल्या आणि शेजारच्या सुब्बलक्ष्मम्मांमुळे चाळीस वर्षांत तोंडात बसली होती. लिपी येत नव्हती. ती त्यांनी बसच्या पाट्यांवरून गिरवली. "सगळ्या जिलब्याच, फक्त कढईत पडण्याची तऱ्हा निराळी," असे त्या म्हणत. पन्नाशी उलटलेल्या बाईने परक्या लिपीत इतिहासाचा पेपर लिहिला आणि त्यात ती पास झाली. आमच्या मते ह्या वस्तीत झालेल्या कोणत्याही सत्कारापेक्षा ही गोष्ट मोठी आहे, आणि तिचा सत्कार मात्र झाला नाही.

धाकटी बी.ए. झाल्यावर १९९० साली मराठी घेऊन एम.ए. करण्यासाठी उस्मानियात गेली. आर्ट्स कॉलेजच्या त्या कमानीखाली उभे राहिले म्हणजे बाहेर ऊन कितीही असो, दगडाचा गारवा अंगावर येतो. पायऱ्या चढताना तिच्या मनात सारखे येत होते की मामंजींच्या वेळी इथे छिन्नी-हातोडे चालत होते. आणि वर्गात चक्क मराठी! ज्या विद्यापीठात डॉ. ना. गो. नांदापूरकरांसारख्यांनी मराठी शिकवली, त्याच विद्यापीठात आपल्या भाषेत टिपणे घ्यायची. ती सांगते की पहिल्या दिवशी तिला वही उघडायलाही संकोच वाटला. इतक्या दिवसांनी विद्या परकी भाषा सोडून घरच्या कपड्यात समोर आलेली!

नांदापूरकरांचे नाव निघाले म्हणून त्यांच्या भाच्याचीही आठवण करतो. नरहर कुरुंदकर मामांच्या घरी राहून हैद्राबादेत शिकत होते. इंटरच्या परीक्षेत त्यांना अपयश आले. ते नांदेडला शाळेत मास्तर झाले, आणि बी.ए., एम.ए. पुढे नोकरी सांभाळून केले. पीपल्स कॉलेजचे ते प्राध्यापक व अखेर प्राचार्य झाले, ते आपण सर्वजण जाणतो. सरळ वाटेने वेळेवर आलेल्यांतच विद्वत्ता असते असे मानणाऱ्याने कुरुंदकरांचे काय करायचे ते ठरवावे.

आता चौथीची हकिगत. ती येथे बसलेली आहे आणि तिच्या संमतीनेच हे सांगत आहोत. ती त्या वेळी अडतीस वर्षांची होती, यजमान वारलेले, दोन मुले शाळेत. पहिल्या वर्षाची परीक्षा ती चौघींत सर्वांत चांगल्या गुणांनी पास झाली. दुसऱ्या वर्षाची फी भरण्याच्या वेळी तिच्याजवळ पैसे नव्हते. तिने आपल्या ह्या संस्थेकडे शिष्यवृत्तीचा अर्ज केला. संस्थेने तिच्या थोरल्या मुलाला शिष्यवृत्ती दिली, त्याबद्दल ती आजही कृतज्ञ आहे. तिचा स्वतःचा अर्ज मात्र परत आला, कारण नियमात वयाची मर्यादा पंचवीस. आम्ही तिघींनी वर्गणी काढतो म्हटले, ते तिने घेतले नाही. संस्थेकडून घेणे आणि मैत्रिणींकडून घेणे ह्यांत फरक असतो. तिचे शिक्षण तेथे थांबले. नियम लिहिणाऱ्या त्या वेळच्या मंडळींबद्दल आमच्या मनात काही नाही. नियम मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला होता, आणि बावन्न वर्षांची मुलगी कोणाच्या डोळ्यांपुढे येणार?

परंतु तो नियम आजही तसाच आहे. चौकशी करण्यासाठी दोन महिन्यांत आमच्याकडे दोघीजणी येऊन गेल्या. एक पोळी-भाजीचे डबे पुरवते, दहावी नांदेडकडे झालेली, वय त्रेचाळीस. तिला आधी मुक्त विद्यालयातून बारावी करावी लागेल. दुसरी रुग्णालयात आया आहे आणि तिला परिचारिकेचा नाही, इतिहासाचा अभ्यास करायचा आहे; का, ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. दोघींची मिळून वर्षाची फी ह्या मांडवाच्या भाड्याहून कमी भरेल, एवढा हिशेब आम्ही करून आणला आहे. विश्वस्तांनी रागावू नये.

महोत्सवी वर्षाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज अजून छापखान्यात गेलेले नाहीत, असे चिटणीसांकडून समजले. त्यातील चौथ्या रकान्यात वय विचारले आहे. रकाना खुशाल राहू द्यावा; त्याखालची पंचवीस वर्षांची ओळ तेवढी काढावी, अशी सूचना लेखी स्वरूपात, तिघींच्या सह्यांनिशी, आम्ही अध्यक्षांच्या हाती आता देत आहोत. सह्या दोन्ही नावांनी केलेल्या आहेत.