पिकलबॉलच्या लीगमध्ये नाव घालण्यापूर्वी

आज एका खेळाविषयी बोलायचे आहे. खेळाचे नाव ऐकून काहींना हसू येईल. पिकलबॉल. इंग्रजीत पिकल म्हणजे लोणचे, तेव्हा "हा लोणच्याचा चेंडू कुठला काढलात?" असे एखाद्या आजीबाईंनी विचारले, तर त्यांचे काही चुकले नाही. पण रावेत, पुनावळे, किवळे ह्या बाजूला संध्याकाळी एक फेरी मारून पाहा. गृहसंकुलांच्या आवारातून, भाड्याने मिळणाऱ्या कोर्टांवरून ठक्‌ ठक्‌ असा एक आवाज येतो. तोच हा खेळ. रावेत हे पवनेच्या काठचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले, आणि जिथे शेते होती तिथे बघता बघता उंच इमारती उभ्या राहिल्या. मोकळे मैदान आटले. अशा ठिकाणी थोड्या जागेत मावणारा खेळ लोकांनी उचलून धरला, यात नवल ते काय!

खेळ आला त्याच्या मागोमाग क्लब आले, आणि क्लबांच्या मागोमाग लीग आली. "व्यावसायिक लीग, नावे नोंदवा" असे फलक लागू लागले. चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणारा तरुण विचारतो, नाव घालू का? शाळेतले गुरुजी विचारतात, आमची एक पोर फार चांगली खेळते, तिला पाठवू का? ह्या दोघांसाठीच आजचे बोलणे आहे.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेत सिअॅटल शहराजवळ बेनब्रिज नावाचे बेट आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथे जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे स्नेही बिल बेल यांनी घरच्या मंडळींना रिझवण्यासाठी जुन्या बॅडमिंटनच्या अंगणात भोके असलेला प्लास्टिकचा चेंडू टेबल टेनिसच्या बॅटींनी खेळून पाहिला. पुढे बार्नी मॅकॅलम ह्या तिसऱ्या गृहस्थांनी प्लायवूड कापून मोठ्या फळ्या केल्या. झाला खेळ तयार. नावाची कथा अशी सांगतात की, नावांच्या शर्यतीत निरनिराळ्या नावांवरचे उरलेसुरले वल्हेकरी एकत्र करून जी नाव सोडतात तिला तिकडे पिकल बोट म्हणतात. इकडचे थोडे, तिकडचे थोडे घेऊन केलेला खेळ, म्हणून पिकलबॉल. घरच्या कुत्र्यावरून नाव पडले असेही काही जण म्हणतात. मला नावेची कथा अधिक पटते. आपण त्याला मिसळ म्हटले असते.

मौज अशी की, ह्या परक्या खेळाचे मैदान आपल्या फार ओळखीचे आहे. लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच. आणि १८७० च्या सुमारास इंग्रज लष्करी अधिकारी बॅडमिंटन खेळत, तेव्हा त्या खेळाला 'पूना' असेच नाव पडले होते. इथे खेळला गेलेला खेळ विलायतेला गेला, तिथून अमेरिकेला गेला आणि आता रूप पालटून पवनेच्या काठी परत आला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

जाळी मात्र खाली आहे. कडेला ३६ इंच, मध्यभागी ३४ इंच. चेंडू मारून डाव सुरू करायचा तो खालून वर, हात कमरेच्या खाली ठेवून, आणि समोरच्या तिरक्या चौकोनात. तो चेंडू एक टप्पा पडल्यावरच परतवायचा, आणि तो परत आलेला चेंडूही आपण एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर हवेतल्या हवेत मारायला मोकळीक. पण जाळीपासून दोन्ही बाजूंना सात सात फुटांचा एक पट्टा आहे. त्यात उभे राहून हवेतला चेंडू मारता येत नाही. ह्या पट्ट्याला म्हणतात 'किचन', स्वयंपाकघर! थोडक्यात, लोणचे आहे आणि स्वयंपाकघरही आहे. डाव बहुधा ११ गुणांचा, पण दोन गुणांची आघाडी हवी.

ह्या पट्ट्यामुळे खेळाचा सगळा स्वभाव बदलतो. नुसत्या ताकदीचा माणूस इथे फार काळ टिकत नाही. जाळीजवळ येऊन सगळा जोर लावून हाणायचे, हा मार्गच बंद. मग चौघेही पट्ट्याच्या कडेला उभे राहतात आणि चेंडू हळूच, अगदी अलगद पलीकडच्या पट्ट्यात टाकत राहतात. कुणाचा धीर आधी सुटतो, कुणाचा चेंडू जरासा उंच उठतो, एवढीच वाट पाहायची. पन्नाशीचे मास्तर पंचविशीच्या पैलवानाला घाम फोडतात ते इथेच.

आपल्या देशात हा खेळ आणण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांच्याकडे जाते. १९९९ साली ते कॅनडात गेले असताना त्यांनी हा खेळ पाहिला, पुढे पॅडल आणि चेंडू मुंबईत आणून लोकांना शिकवला, आणि २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. बरीच वर्षे तो हौशी मंडळींचाच होता. पैशाची लीग आली ती अलीकडे. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली. सहा संघ होते, त्यांत पुण्याचा 'पुणे युनायटेड'. ही लीग उभारणाऱ्यांत डेव्हिस चषकाचे टेनिसपटू गौरव नाटेकर होते. ते नंदू नाटेकरांचे चिरंजीव. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात सेलांगोरची स्पर्धा जिंकली आणि १९६१ साली पहिल्या अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांत ते होते. त्याच वर्षी, म्हणजे २०२५ च्या डिसेंबरात, दिल्लीला आणखी एक लीग झाली, ती आपल्या खाशाबा जाधवांचे नाव दिलेल्या क्रीडागृहात.

आता 'व्यावसायिक' ह्या शब्दाकडे वळू. हा शब्द फसवा आहे, बरं का. मुंबई-दिल्लीच्या लीगमध्ये संघाचा मालक असतो, तो खेळाडू निवडतो आणि त्यांना मानधन देतो. २०१४ पासून कबड्डीत हे आपण पाहतोच आहोत, आणि २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले तेव्हा गावोगाव पेढे वाटले असतील. पण गावपातळीवरच्या, तालुक्याच्या, शहराच्या क्लब लीगमध्ये गोष्ट बहुधा उलटी असते. तिथे खेळाडूच पैसे देतो. क्लबची वर्गणी, लीगची प्रवेश फी, गणवेश, कोर्टाचे भाडे, जाण्यायेण्याचा खर्च. बक्षिसाचा आकडा फलकावर मोठ्या अक्षरांत असतो. तो संपूर्ण लीगचा असतो, तुमच्या एकट्याचा नव्हे. संघात आठ जण असतील तर जिंकूनही आठवा हिस्सा. पाळीवर काम करणाऱ्या तरुणाने पगाराचा हिशोब मांडताना ही रक्कम मिळकतीत धरू नये, खर्चात धरावी. खेळासाठी खर्च करणे वाईट नाही. माणूस तमाशाला करतो, चहाला करतो, तसाच खेळालाही करावा. पण कर्ज काढून पॅडल घेऊ नये.

आणखी एक अडचण आपल्या पट्ट्याची खास आहे. पिंपरी, भोसरी इकडच्या पुष्कळ कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. लीगचे सामने शनिवार-रविवारी. पाळी बदलून मिळेल काय, हे मुकादमाला आधी विचारावे आणि मग क्लबला शब्द द्यावा. कारण लीगमध्ये तुम्ही एकटे नसता. तुम्ही आला नाहीत तर तुमच्या जोडीदाराचा सामना पडतो, आणि जोडीचा सामना पडला की संघ हरतो.

इथे लीगची रचना सांगितली पाहिजे, कारण आज मला जे सांगायचे आहे ते तिच्यात आहे. अमेरिकेत २०२१ साली मेजर लीग पिकलबॉल सुरू झाली. तिच्या संघात दोन पुरुष आणि दोन स्त्रिया. लढतीत सामने चार : एक स्त्रियांच्या दुहेरीचा, एक पुरुषांच्या दुहेरीचा आणि दोन मिश्र दुहेरीचे. दोन-दोन अशी बरोबरी झाली तर चौघेही आळीपाळीने एकेरी खेळून निकाल लावतात. आपल्याकडच्या लीगांनीही कमीअधिक फरकाने हाच सांगाडा घेतला आहे. आता जरा हिशोब करा. चारपैकी तीन सामन्यांत स्त्री खेळाडू हवी. म्हणजे ज्या क्लबात मुली नाहीत, किंवा आहेत पण कोर्टावर त्यांना कोणी जागा देत नाही, तो क्लब पुरुष खेळाडू कितीही तालेवार असले तरी हरणार. आपल्या ओळखीच्या बऱ्याच खेळांत मुलीचा गुण आणि मुलाचा गुण एकाच फळ्यावर असा एकत्र मांडला जात नाही. आट्यापाट्यांत नाही, कबड्डीत नाही, क्रिकेटमध्ये तर नाहीच.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना माझे सांगणे आहे. तुमच्या शाळेतली जी पोर चांगली खेळते, तिची ह्या लीगना गरज आहे, आणि ही गरज उपकाराची नाही. घरचे म्हणतील, "संध्याकाळी सातला रावेतला कशाला पाठवायची?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना उत्तर द्यायला हवे. सामना किती वाजता संपतो, परत कोण आणून सोडते, क्लबात आणखी मुली आहेत का, शिकवणारे कोण आहेत, कपडे बदलायला जागा आहे का. हे प्रश्न क्लबला विचारताना संकोच करू नये. ज्या क्लबला त्यांची उत्तरे देता येत नाहीत, तिथे ढाल कितीही मोठी असली तरी मुलगी पाठवू नये. आणि उत्तरे नीट मिळाली, तर "मुलीच्या जातीला हे कशाला" असे म्हणून अडवूही नये.

पदकाच्या कागदाविषयी दोन शब्द. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्या आशेने पुष्कळ पालक मुलांना स्पर्धेला घालतात. पण त्यासाठी कोणती स्पर्धा धरायची, तिचा दर्जा काय, याचे नियम ठरलेले आहेत. खासगी लीगची ढाल त्यात आपोआप बसत नाही. त्यातून ह्या खेळात संघटना एकापेक्षा अधिक. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय संघटना म्हणून मान्यता दिली, आणि जुनी अखिल भारतीय संघटना तर आधीपासून होतीच. तेव्हा स्पर्धा कोणाच्या नावाने भरते आहे, ती कोणाशी संलग्न आहे, हे लेखी विचारून घ्यावे आणि तो कागद जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दाखवावा. तोंडी आश्वासनावर मुलाचे एक वर्ष घालवू नये.

क्लबात गेलात की तुमची प्रत ठरवतात. बऱ्याच ठिकाणी 'डुपर' नावाची एक आकडेवारी वापरतात. दोनपासून आठपर्यंत आकडे, आणि प्रत्येक नोंदलेल्या सामन्यागणिक तुमचा आकडा वरखाली होतो. काही हुशार मंडळी मुद्दाम हरून आकडा खाली ठेवतात आणि खालच्या गटातून बक्षीस मारतात. कुस्तीच्या फडात वजन चोरणारे असतात, त्यातलाच हा प्रकार. नवख्याने मात्र आकड्याच्या मागे लागू नये. पहिल्या मोसमात राखीव म्हणून बसावे लागले तरी बसावे, जोडीदार ओळखावा, आणि आपला गुणसंख्या पुकारण्याचा आवाज खणखणीत करावा. दुहेरीत तीन आकडे पुकारतात : आपले गुण, समोरच्यांचे गुण, आणि डाव सुरू करणारा पहिला की दुसरा. डावाच्या आरंभी "शून्य-शून्य-दोन" असे ऐकू आले तर बिचकू नका. पहिल्या पाळीला एकालाच संधी मिळते, म्हणून त्याला दुसरा धरतात.

शरीराची काळजी थोडी घ्या. उंच चेंडूसाठी तोंड पुढे ठेवून उलटे धावू नका. वळून धावा. ह्या खेळात पडून मनगट मोडते ते बहुधा असेच. चपला घालून तर मुळीच खेळू नका. आणि गृहसंकुलात खेळत असाल, तर रात्री दिवे लावून ठक्‌ ठक्‌ करताना शेजारी एखादा रात्रपाळीहून आलेला माणूस झोपला असेल, हेही ध्यानात असू द्या. ह्या आवाजावरून तिकडे अमेरिकेत लोक न्यायालयात गेले आहेत.

शाळेत सुरुवात करायची तर खर्च फार नाही. बॅडमिंटनचे कोर्ट आखलेले असेल तर बाहेरच्या रेघा त्याच. नसेल तर फक्कीने आखा. जाळीपासून सात फुटांवर दोन्हीकडे रेघ ओढा. बॅडमिंटनची जुनी जाळी खांबाला खाली बांधा आणि मधोमध टेप लावून ३४ इंच मोजा. फळ्या गावच्या सुताराकडून प्लायवूडच्या करून घ्या, कडा घासून गुळगुळीत आणि मुठीला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी. चेंडू तेवढे बाजारातून आणावे लागतील, आणि मोजकेच आणू नका. थंडीच्या दिवसांत ते भोकांच्या कडेला तडकतात, आणि तडकलेला चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसतो.